भिंगाच्या पेटीवरचा आकडा

विज्ञानाचा मास्तर काहीतरी लिहिणार म्हटलं की लोकांना पोरांची विनोदी उत्तरं हवी असतात. माझ्याकडं ती आहेत. तोंडी परीक्षेत एका मुलाला विचारलं, मूत्रपिंडाचं काम काय? तो म्हणाला, "रगत गाळायचं, सर. आमच्या आज्याचं बंद पडलंय, हप्त्यातून दोनदा मशीनवर नेतेत." शेजारी बसलेले परीक्षक हसले. मी हसलो नाही, त्याला एक गुण दिला. दुसऱ्या एकाला विचारलं, निर्वात पोकळीतून आवाज का जात नाही? "तिथं ऐकायला कोण बसलंय, सर?" एक गुण मी त्यालाही दिला. हल्ली संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना ते उत्तर आठवतं.

अशी आणखी वीस-पंचवीस सांगता येतील. संपादकांनी त्याच अपेक्षेनं लेख मागितला आहे. मला मात्र वेगळं काही सांगायचं आहे, आणि त्यासाठी आधी आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं.

दहावीला विज्ञानाच्या लेखी पेपराशिवाय प्रात्यक्षिकाचे गुण असतात. वीस. परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतच होते. पंचवीस-पंचवीस मुलांच्या तुकड्या करायच्या, चिठ्ठी उचलून प्रत्येकाला प्रयोग द्यायचा. कुणाला भिंग, कुणाला आम्ल ओळखायचं, कुणाला सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड. परीक्षक दोन. एक शाळेचा, म्हणजे मी, आणि एक बाहेरच्या शाळेतून आलेला. बाहेरचे सर नऊला येतात, साडेनऊला पोहे होतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेत बहुधा मीच बाहेरचा परीक्षक असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळं गुण सतरा ते एकोणीसच्या दरम्यान पडतात. सगळ्यांना वीस देत नाही, कारण मग ते खोटं वाटतं.

प्रयोगाचे आकडेही ठरलेले असतात. वर्षभरात केलेला प्रत्येक प्रयोग मुलं जर्नलमध्ये लिहितात, मी तपासून सही करतो. उत्तर किती यायला पाहिजे ते मी आधीच फळ्यावर लिहायचो. पोरं हुशार. तंतोतंत तेच कधी लिहायची नाहीत. एक रीडिंग थोडं कमी, एक थोडं जास्त, सरासरी मात्र चोख.

एका वर्षी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावली होती. सूक्ष्मदर्शकाचा खालचा आरसा निसटून उलटा झालेला. नळीला डोळा लावला तर नुसता काळोख. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा अठरा मुलांनी त्या काळोखात बघून पेशी काढल्या होत्या, केंद्रकासकट, बाण काढून नावं देऊन. दुसऱ्या वर्षी चुन्याची निवळी जुनी निघाली. फुंकून फुंकून पोरांचे गाल दुखले, निवळी काही दुधाळ होईना. एकजण म्हणाला, "सर, व्हईना. पण लिवतो दुधाळ."

"लिही," मी म्हणालो.

हे दोन किस्से मी लग्नाकार्यात बरेचदा सांगितले. लोक हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता मला नीट सांगता येत नाही.

आता पेटीचं सांगतो. आमची शाळा छावणीजवळ आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत बहिर्वक्र भिंगांची एक लाकडी पेटी होती. बहिर्वक्र म्हणजे फुगीर, ज्यानं ऊन गोळा करून पोरं कागद जाळतात ते. कापसात ठेवलेली सहा भिंगं, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: नाभीय अंतर २० सेंमी. हे अंतर काढणं दहावीचा सगळ्यात सोपा प्रयोग. खिडकीशी उभं राहून भिंग दूरच्या झाडाकडं धरायचं, मागं पांढरा कागद. कागद पुढं-मागं सरकवत गेलं की एका जागी झाड उलटं, इवलंसं आणि लख्ख उमटतं. तिथून भिंगापर्यंत पट्टीनं मोजायचं. झालं. यात पोराकडून चूक व्हायला जागाच नाही.

जानेवारीत ती पेटी माझ्या हातून पडली. मोबाइल खांद्यात धरून मी बोलत होतो. बायको मुलीला घेऊन पुण्याला राहायला गेली होती. मुलीच्या शिक्षणासाठी गेली, असं आम्ही दोघंही सगळ्यांना सांगत होतो. त्या दिवशी तिनं सांगितलं की आता ते सांगणं बंद करू या, मी परत येणार नाही. पेटी शहाबादी फरशीवर आपटली. पाच भिंगं फुटली, सहाव्याचा टवका उडाला.

शाळेत असं काही फुटलं की साठा नोंदवहीत लिहायचं, मुख्याध्यापकांपुढं उभं राहायचं आणि कारण लेखी द्यायचं. एवढंच. फोनवर कोण होतं, असं मला कुणी विचारलं नसतं. पण मला वाटलं, विचारतील. मी काचा गोळा केल्या, पिशवीत घातल्या आणि संध्याकाळी गुलमंडीकडं एका सायन्सच्या सामानाच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "बीस का खतम है, सर. पंद्रह का ले जाओ."

"पेटीवर वीस लिहिलंय," मी म्हणालो.

"तो लिखा रहने दो. कौन नापता जी?"

पंधराची सहा भिंगं घेतली. त्याच पेटीत, त्याच कापसात ठेवली. मुलांना सांगायचं मी ठरवलं होतं. पण सगळ्यांच्या जर्नलमध्ये हा प्रयोग दिवाळीपूर्वीच लिहून झाला होता, वीस म्हणून, आणि प्रत्येक पानावर माझी सही होती. आज सांगू, उद्या सांगू करत फेब्रुवारी उजाडला. शिवाय दुकानदाराचं म्हणणं मला पटलं होतं. कोण मोजतं?

शीतल साळवेनं मोजलं.

ती देवगाव रंगारीची. शिकायला छावणीत मामाकडं राहायची. वर्गात कमी बोलायची, पण प्रयोगशाळेत पुढच्या टेबलाशी उभी राहायची, आणि माझं बघून झालं की "मी बघू का, सर?" म्हणायची. अकरावीला सायन्स घेणार म्हणून तिनं मामाला आधीच सांगून ठेवलं होतं. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीत तिला भिंग आलं. तिच्या तुकडीत आणखी पाच जणांना भिंगच आलं होतं. त्या पाचांनी खिडकीकडं तोंड करून थोडा वेळ भिंग हलवलं आणि वीसच्या आसपास आकडे लिहून टाकले. शीतल बराच वेळ खिडकीत होती. तिच्या उत्तरपत्रिकेत पंधरा होतं.

बाहेरून आलेले काळे सर सज्जन माणूस. तिला म्हणाले, "बेटा, पेटीवर बघ काय लिहिलंय. परत मोज." तिनं परत मोजलं. परत पंधरा. काळे सरांनी माझ्याकडं पाहिलं. "हिचं वेगळंच येतंय, सर. भिंग बदललंय का काय?"

ते सहज बोलले असतील. मला मात्र वाटलं, यांना कळलं. मी उठून तिच्या टेबलाशी गेलो. तिच्या हातातलं भिंग घेतलं, पट्टी लावली आणि कागद बरोबर वीसवर धरला. कागदावर झाडाचा नुसता हिरवट डाग होता.

"दिसतंय ना स्पष्ट?" मी म्हणालो.

ती वाकून बघत राहिली. "नाय सर. अंधुक आहे."

"नीट बघ."

"पंधरावर लख्ख दिसतंय, सर. तुम्ही बघा ना."

मी पाहिलं नाही. सगळ्या तुकडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुझ्या डोळ्यांतच दोष आहे. आधी डोळे तपासून घे, मग सायन्सचं बघ." पोरं हसली. ज्या पाच जणांनी वीस लिहिलं होतं तेही हसले. ती खाली मान घालून जागेवर गेली, पण तिनं आकडा बदलला नाही.

दुपारी गुणांची यादी करताना काळे सरांनी तिला अकरा लिहिले आणि पेन थांबवलं. "पोरगी मनापासून करत होती हो. सोळा-सतरा करू का?" तसं नेहमीच व्हायचं. मी "राहू द्या" म्हणालो. कारण सांगतो, आज काही झाकायचं नाही. पंधरा लिहिलेल्या उत्तरपत्रिकेवर सतरा गुण पडले असते, तर उद्या कुणीतरी दोन्ही समोर ठेवून विचारलं असतं की पंधरा बरोबर कसं. अकरा गुणांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. तिचे वडील संस्थेच्या मंडळावर नव्हते. मंडळावरच्या कुणाची मुलगी असती, तर मी त्याच मिनिटाला पेटी उघडून सगळं कबूल केलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

निकाल लागला. शीतल पास झाली, बऱ्या टक्क्यांनी. दाखला न्यायला वडील आले. ऑफिसात मी एकटाच होतो. टोपी हातात घेऊन ते उभे राहिले.

"सर, एक इचारू का? पोरगी म्हनती सायन्स नको. सालभर सायन्स सायन्स करत व्हती. आता म्हनती, मला दिसतच नाय नीट, मला नाय जमायचं. तुम्ही तिचे सर. तुम्ही सांगा, काय करावं?"

ते मला विचारत होते. एवढ्या लांबून बस बदलून आले होते आणि मी म्हणेन तसं करणार होते. मी म्हणालो, "आर्ट्स बरं राहील. मुलीला झेपेल."

"तुम्ही म्हनता म्हनल्यावर झालं," ते म्हणाले. जाताना मला नमस्कार केला.

पुढच्या वर्षी शाळा सुरू होताच मी झाकणावरचा आकडा पत्र्यानं खरवडला आणि त्या जागी १५ लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. नव्या मुलांनी जर्नलमध्ये पंधरा लिहिलं. वीसचं पंधरा करायला मला दहा मिनिटं लागली.

त्यानंतर मी शिक्षकांच्या खोलीत बसणं हळूहळू सोडलं. कुणी काढलं नाही. तिथं एकदा कुणीतरी शीतलचा विषय काढला, "ती डोळ्यावाली" म्हणून, आणि सगळे हसले. त्या दिवसापासून डबा प्रयोगशाळेतच खातो. प्रयोगशाळेचे परिचर निवृत्त झाले, त्यांची जागा भरलीच नाही, म्हणून आता तिथं मी एकटाच. बीकर मी धुतो, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या मी चिकटवतो. घरी दोन खोल्या. मुलगी दर रविवारी फोन करते. "काय चाललंय, बाबा?" विचारते. मी "परीक्षा" म्हणतो. बाराही महिने कुठली ना कुठली परीक्षा चालू असतेच, त्यामुळं ते खोटंही नसतं. तिला हे सांगावं असं अनेकदा वाटलं. पण ज्या दिवशी पेटी पडली तो दिवस तिच्या आईच्या फोनचा होता. तो भाग वगळून सांगता येईना, आणि घालून सांगितलं तर मी दोष दुसऱ्यावर ढकलतोय असं वाटलं असतं.

या फेब्रुवारीत बिडकीनच्या एका शाळेत मी बाहेरचा परीक्षक होतो. गुणांची यादी झाली आणि शाळेचं झेरॉक्स मशीन बंद पडलं. शिपाई सुट्टीवर. यादी मीच घेऊन निघालो. रस्त्यापलीकडं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं एक दुकान होतं. काउंटरवर एक बाई कॉम्प्युटरवर कुणाचा तरी फॉर्म भरत होत्या.

"सर, ओळखलं का?"

मी पाहताक्षणी ओळखलं होतं. "नाही," म्हणालो.

"शीतल. शीतल साळवे. छावणीतली शाळा." ती हसली. चष्मा नव्हता. "दुकान माझंच आहे. मिस्टर इथं कंपनीत आहेत." तिनं यादी हातात घेतली, मशीनवर ठेवता ठेवता नजर टाकली. "सगळ्यांना अठरा-एकोणीस. लई हुशार झाली पोरं आता."

"तसं नाही काही."

"मला अकरा होते," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. पावती किती तारखेची आहे ते सांगावं तसं. मग शेजारच्या टपरीकडं बघून म्हणाली, "भाऊ, दोन चहा पाठवा."

चहा आला. यादी घेऊन निघता आलं असतं. का कोण जाणे, त्या दिवशी निघालो नाही.

"शीतल, ते भिंग पंधराचंच होतं."

"कोणतं?" म्हणाली. पण मशीनवरचा हात थांबला होता.

"परीक्षेतलं. जुनी भिंगं माझ्या हातून फुटली होती. मी नवी आणून पेटीत ठेवली, पंधराची. कुणाला सांगितलं नाही."

तिनं निघालेल्या प्रती उचलल्या, काउंटरवर ठोकून कडा सारख्या केल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मला वीसवर धरून दाखवत होता, तेव्हा पण?"

"हो."

तेवढ्यात एक म्हातारबुवा आत आले. "ताई, उत्पनाचा दाखला..."

"बसा काका, पाच मिनिट." ती माझ्याकडं वळली. "मी डोळे तपासले होते, सर. छावणीत शिबिर होतं, मामा घेऊन गेला. डॉक्टर म्हणले, नंबर नाही काही. मी मामाला म्हणलं, परत तपासायला सांग. त्यांनी परत तपासलं. नाहीच. तेव्हा मी म्हणलं, डोळे चांगले हैत तर मग डोक्यातच काहीतरी असंल." हे सांगताना तिला थोडं हसू आलं. "लई दिवस मी कुठलाबी आकडा दोन-दोनदा बघायचे. अजून बघते. गिऱ्हाईक म्हणतेत, ताई कधी चुकत नाही. त्यांना काय माहिती."

मी म्हणालो, "मला माफ कर."

"माफीचं काय, सर." तिनं प्रती माझ्यापुढं सरकवल्या. म्हातारबुवा भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते. "तुम्ही तेव्हा सगळ्या बॅचसमोर बोलला होता. पप्पाला ऑफिसात सांगितलं. अन् आता मला एकटीला सांगताय, झेरॉक्सच्या आवाजात."

"मग मी काय करू?"

"ते पण मीच सांगायचं का?" ती म्हणाली आणि म्हातारबुवांची कागदपत्रं मागून घेतली. चहा तसाच राहिला, तिचाही आणि माझाही.

बिडकीनहून परतताना बसमध्ये मी तिचं वाक्य मनात फिरवत होतो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक बाईंकडं गेलो. त्या शाळेत नव्या आहेत. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं झाली. भिंगं तर आहेतच की पेटीत. आता कशाला?" तरी मी नोंदवहीत लिहिलं: सहा भिंगं, माझ्या हातून, कारणासह. त्यांनी सही केली. पण ते कुणी वाचणार नाही. ती वही कपाटात असते आणि कपाटाची किल्ली माझ्याकडंच असते. गुण तर आता कुणीही बदलू शकत नाही, ते विचारून पाहिलं.

मग देवगाव रंगारीला गेलो. शीतलचे वडील थकलेत. ओट्यावर बसून सगळं ऐकलं. एकच विचारलं, "म्हंजी पोरगी खरं बोलत व्हती?" मी हो म्हणालो. ते घरात गेले आणि बाहेर आले नाहीत. थोड्या वेळानं शीतलच्या आईनं पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी निघालो.

या दिवाळी अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा शीतलला फोन केला. म्हटलं, विनोदी उत्तरं मागितलीत, पण मी हे लिहावं म्हणतो. आमच्याकडं हा अंक घरोघरी जातो. त्या तुकडीतली पोरं आता नोकऱ्यांत आहेत, त्यांच्याही घरी जातो. शिक्षकांच्या खोलीत तर येतोच.

"नाव लिहू का तुझं? का बदलू?"

पलीकडं मशीनचा आवाज चालू होता. "लिहा," ती म्हणाली. "नाव नसलं तर ते कुणाचंबी होतं. माझं होतं ते."

म्हणून नाव खरं आहे. तर, त्या दिवशी खिडकीशी उभी होती ती शीतल साळवे. तिच्या डोळ्यांत दोष नव्हता, डोक्यात नव्हता. सायन्स तिला झेपलं असतं. त्या प्रयोगशाळेत त्या सकाळी प्रत्यक्ष बघून आकडा लिहिणारी ती एकटी होती, आणि तिला खोटं ठरवलं ते मी, माहीत असताना.

लेख संपादकांकडं देण्याआधी शीतलला मोबाइलवर पाठवला. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग सकाळी प्रार्थनेच्या वेळी आलं. जसं आलं तसं देतो.

"सर वाचला. मिस्टरांना पण वाचून दाखवला. एक चूक आहे. मी पंधरा नव्हतं लिहिलं. तीन रीडिंग होते. १५.१, १५.३, १५.२. सरासरी १५.२. बाकी बरोबर आहे."

वर मी सगळीकडं पंधरा लिहिलं आहे. ते तसंच ठेवतो. वाचकांनी ते चूक धरावं आणि तिचं बरोबर.